दोन्ही पेट्यांची पूजा

आमच्या बाई युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत पियानो वाजवून आल्या होत्या, हे डोंबिवलीला कळायला बरीच वर्षं लागली. कारण बाई आपणहून सांगत नसत आणि डोंबिवली विचारत नसे. डोंबिवलीचे प्रश्न ठरलेले होते. परीक्षा कधी असते, सर्टिफिकेट मिळतं का, आणि गॅदरिंगपर्यंत मुलगा एखादं हिंदी गाणं बसवेल का. बाई या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर देत, "बघू या, आधी हात तरी बघू दे त्याचा." बरेच पालक त्यानंतर परत फिरकत नसत. माझी आई फिरकली, कारण बाईंचं घर माझ्या शाळेच्या वाटेवर होतं आणि मला एकटीला जाता येणार होतं. माझ्या संगीतशिक्षणाचा पाया हा असा होता.

मी तेव्हा पाचवीत होते. पियानो म्हणजे सिनेमातल्या बंगल्यात जिन्याखाली असतो तो, एवढीच माहिती. बाईंकडे तो पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि त्याच्यामुळे जेवायचं टेबल घरात कधीच आलं नाही. पहिल्या दिवशी मी नखं कापून, वेण्या घट्ट घालून त्याच्यासमोर जाऊन बसले, तर बाई म्हणाल्या, "इथे नाही, आत ये." आत स्वयंपाकघर. परातीत भाजणी भिजवून ठेवलेली.

"थालीपीठ थापता येतं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग ते शिकू आधी."

मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण पुढचे कितीतरी शनिवार मी बाईंकडे ओल्या फडक्यावर थालीपीठ थापत होते. जोर लावला की पीठ फाटायचं, भीत भीत थापलं की जाड राहायचं. बाई शेजारी उभ्या राहून माझं मनगट दोन बोटांत हलकेच धरून हलवून बघत. "बोटांत जोर आणू नकोस गं. हाताचं वजन खाली येऊ दे, बोट फक्त वाट दाखवतं." मग एक दिवस त्यांनी मला हात धुवायला लावले, बाहेर नेलं आणि एकच पट्टी वाजवायला सांगितली. मी थालीपीठ थापल्यासारखा हात सोडला आणि त्या पेटाऱ्यातून असा काही गोल, भरीव आवाज निघाला की मी दचकून बाईंकडे बघितलं. बाई खूश झाल्या होत्या. पुढे मी पुष्कळ पियानोशिक्षक पाहिले, आता मी स्वतः ठाण्याला एका शाळेत शिकवते, पण एवढं सोपं आणि एवढं खरं मला कोणी सांगितलं नाही. माझ्या शाळेत परात नेता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बाई तापट होत्या हेही सांगायला हवं, नाहीतर त्या फोटोतल्या संतासारख्या वाटतील. एकदा एक मुलगा चिवडा खाऊन तसाच पियानोला बसला. बाईंनी त्याला उठवलं, पट्ट्या स्वतः पुसल्या आणि त्याला घरी पाठवून दिलं, तेही त्याच्या आईसमोर. पट्ट्यांवर काही म्हणजे काही पडता कामा नये. पावसाळ्यात पियानोच्या पोटात खाली एक छोटा बल्ब त्या रात्रंदिवस जळत ठेवत, दमट हवेने लाकूड फुगू नये म्हणून. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बाईंचा देव्हारा एकीकडे आणि निरांजन दुसरीकडे." खोटं नव्हतं ते.

त्यांची सगळी कहाणी आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळली. बाई वाढल्या ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. वडील रेल्वेत नोकरीला, पण जीव सगळा ऑर्गनवर. ऑर्गन म्हणजे पायांनी भाता हलवायचा तो, संगीत नाटकात गवयाच्या साथीला असतो. वडिलांना सगळे अण्णा म्हणत, आम्हीही. अण्णा नोकरी सांभाळून नाटकांना साथ करत, आणि भल्या भल्या गवयांना अण्णा साथीला असले की निर्धास्त वाटे, असं जुनी माणसं सांगतात. बाईंचा गळा लहानपणी फार गोड होता. अण्णांनी मनात पक्कं ठरवून टाकलं होतं. मुलगी गाणार आणि आपण साथ करणार.

मुलगी गायची, पण सगळा ओढा ऑर्गनच्या पट्ट्यांकडे. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, एक जुना पियानो होता, तो तिने एकदा कुणीतरी वाजवताना ऐकला आणि संपलंच. मुंबईत एका गोव्याच्या बाईंकडे ती शिकायला जाऊ लागली, शिष्यवृत्ती मिळाली, परदेशी गेली, तिथे नाव झालं. तिकडच्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं. आणि ऐन बहरात असताना, आई गेल्यावर, ती अण्णांकडे डोंबिवलीला परत आली ती कायमची. हिवाळ्यात दोन-तीन महिने बाहेर कार्यक्रम, बाकी वर्षभर आम्ही पोरं. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "बाई, तुम्ही परत का आलात?"

"तिकडे माझ्यासारख्या शंभर होत्या," त्या म्हणाल्या. "आणि तिकडची मुलं आधीच कुणाकडून तरी शिकून यायची. मला तुझ्यासारखी ठोंबी हवी होती."

मी एकदाच त्यांना मोठ्या रंगमंचावर जवळून पाहिलं. मुंबईत कार्यक्रम होता आणि पानं उलटायला त्यांनी मला शेजारी बसवलं. घरी आम्हाला ओरडणारी, गुडघे दुखतात म्हणून कण्हत उठणारी ही बाई तिथे बसली आणि तिचे हात पडले, आणि मला पानं उलटायची आहेत हेच मी विसरले. बाईंनी वाजवता वाजवता मान हलवून मला जागं केलं. अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं होतं. मला इतका अभिमान वाटला की रडूच आलं, आणि डोळे भरल्यामुळे पुढचं पानही उशिरा उलटलं गेलं. त्यावरून परतीच्या वाटेवर शिळफाट्यापर्यंत बोलणी खाल्ली.

ठाणे-डोंबिवलीत मात्र त्यांचा कार्यक्रम असा होत नसे. एका आयोजकांनी "आमच्या हॉलमध्ये पेटी आहे, चालेल ना?" असं विचारलं होतं. दुसऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि वीणेच्या आकाराची ट्रॉफी देऊन सत्कार केला, भाषणं केली आणि वाजवायला वेळच उरला नाही. मग बाईंनी स्वतःची पद्धत पाडली. दसऱ्याच्या संध्याकाळी त्या घरीच वाजवत. विद्यार्थी, पालक, बिल्डिंगमधली माणसं. बाहेरच्या खोलीत सतरंज्या, पॅसेजमध्ये खुर्च्या, उरलेले जिन्यात. सकाळी वाद्यांची पूजा आणि संध्याकाळी वादन. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना लग्नकार्य चुकलं तरी चालेल, पण ही संध्याकाळ चुकवायची नाही असं होऊन गेलं होतं.

फक्त एक माणूस तिथे कधी नसे. अण्णा.

बाई पियानोला बसल्या की अण्णा काठी घेऊन खाली जात आणि बिल्डिंगच्या आवारातल्या बाकावर बसत. रोज. दसऱ्याला तर ते सकाळी आपल्या ऑर्गनची पूजा करून, धाकट्या मुलाला सोनं द्यायला म्हणून ठाण्याला कोपरीला जात, ते टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी परत. ऑर्गनचा भाता केव्हाच फाटला होता. तो आतल्या खोलीत उभा असे आणि त्याच्यावर गोधड्यांच्या घड्या असत. पण पूजा चुकली नाही. पियानोला मात्र अण्णा पियानो म्हणत नसत, आपल्या ऑर्गनसारखं पेटीही म्हणत नसत. "ते कपाट" म्हणत.

त्यांच्यातली वादावादी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

"दोन स्वरांच्या मधलं काही त्या कपाटात वाजत नाही," अण्णा म्हणायचे.

"तुमच्या ऑर्गनवर तरी कुठे वाजायचं?"

"ऑर्गन गवयाच्या मागे असतो. तो एकटा मिरवत नाही. पट्ट्यांच्या वाद्याने गळ्याला धरून चालावं." आणि मग, जरा थांबून, "मी ज्या गळ्याला साथ करणार होतो, तो गळाच उठून कपाटापाशी जाऊन बसला."

हे ते हसत हसत म्हणत, पण त्या घरात एवढ्या वाक्यानंतर कोणी हसत नसे. बाईंना जगाने ऐकलं होतं. अण्णांनी एकदा समोर बसून ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्या कधी बोलल्या नाहीत, पण दर दसऱ्याला अण्णा कोपरीला निघाले की त्या दारापर्यंत जात आणि "थांबला असतात तर बरं झालं असतं," असं म्हणत. अण्णा चपला घालत असत. मला त्या म्हाताऱ्याचा फार राग यायचा, अगदी मनापासून.

दोन-तीन वर्षांपूर्वी अण्णा बाथरूममध्ये पडले. नव्वदी ओलांडलेली. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, ते वॉकर घेऊन घरातल्या घरात चालू लागले, पण जिना बंद. नजर आधीच अधू झाली होती, कडा तेवढ्या दिसायच्या. म्हणजे त्या दसऱ्याला कोपरी नाही आणि खालचा बाकही नाही. बाईंनी अण्णांना काही विचारलं नाही. मला मात्र हळूच म्हणाल्या, "आतल्या खोलीत दार लावून बसले तरी चालेल गं. घरात तरी असतील." सत्तरीला आलेली, जग पाहिलेली बाई, आणि आवाज असा की जणू परीक्षेचा निकाल लागायचाय.

त्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. बाई पहाटेच वाजवून झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेल्या होत्या. दरवर्षी पियानोची पूजा म्हणजे झाकण लावून वरून झेंडूची माळ, बस्स. पट्ट्यांपाशी कोणी जायचं नाही. मी चपला काढतेय तोवर अण्णा बाहेरच्या खोलीतून वॉकर टेकत टेकत आत निघालेले दिसले. अंगावर सोवळ्याचं रेशमी उपरणं, वॉकरच्या दांड्याबरोबरच एका हातात धरलेलं पूजेचं छोटं तबक.

"कोण? तू का? बरं झालं आलीस," ते म्हणाले. "दोन्ही पेट्यांची पूजा करून टाकली मी."

आयुष्यात पहिल्यांदा ते पियानोला पेटी म्हणाले होते. ते मला कळेपर्यंत मी पियानोपाशी पोचले. बाई पहाटे वाजवून तशाच गेल्या होत्या, झाकण उघडंच होतं. अण्णांना ते दिसलं नव्हतं, आणि हलक्या बोटाने पट्टी वाजलीही नसावी. दसऱ्याला झाकण लावलेलंच असतं या अंदाजाने त्यांनी साग्रसंगीत पूजा केली होती. पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांवर हळदीकुंकवाची ओली बोटं उमटलेली, वर एक झेंडूचं फूल, आणि मूठभर अक्षता. काही पट्ट्यांवर, काही पट्ट्यांच्या फटींत.

मी फूल उचललं, कुंकू हलक्या हाताने पुसलं, पिनेने तांदूळ टिपले. मग एकेक पट्टी दाबून बघितली. सगळ्या ठीक होत्या, मधल्या सप्तकातली एक सोडून. पांढरी तीन. ती दाबली की खाली जाऊन तिथेच अडकत होती. नखाने वर ओढून घेतली. पुन्हा दाबली, पुन्हा अडकली.

बाई पिशव्या घेऊन आल्या. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं असावं. त्यांनी पुसटसा लाल डाग पाहिला, मी बाजूला काढलेल्या अक्षता पाहिल्या, आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. चिवड्याच्या मुलाची मला आठवण झाली.

"कुणाचा उद्योग हा?"

मी आतल्या खोलीकडे बोट केलं. आणि अण्णा काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगितलं.

बाई स्टुलावर बसल्या. पिशव्या हातातच. "दोन्ही पेट्यांची म्हणाले?"

"हो."

"पेटी म्हणाले?"

"हो बाई."

त्यांनी पिशव्या हळूच खाली ठेवल्या. मी म्हटलं, पट्टी उघडून तांदूळ काढू या. बाईंना ते येत होतं. आमच्याकडे पियानो दुरुस्त करणारा मुंबईहून यायचा, आणि तो येईपर्यंत अडलेलं काम बाई स्वतः करत. पुढची फळी काढायची, पट्टी उचलायची, झटकायची. पण त्या फळीचा आवाज घरभर होतो. आतून अण्णा विचारणार, काय झालं. आणि झालेलं कळलं की आयुष्यभर वाद्य सांभाळलेला तो माणूस शरमेने आतून दार लावून घेणार. पूजेने वाद्य बिघडवलं, हे त्यांना सोसलं नसतं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "त्या पट्टीला हात लावायचा नाही. संपलं."

"पण बाई, शेवटची रचना?"

बाकीचा कार्यक्रम बदलता येण्यासारखा होता, आणि त्यांनी तो तिथल्या तिथे बदललाही. पण शेवटी त्या दर दसऱ्याला एक संथ रचना वाजवत, जी त्या रोज सकाळी चहाच्याही आधी वाजवायच्या. तिच्याशिवाय आमचा दसरा पुरा होत नसे. ती पांढरी एकमध्ये होती, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. आणि पांढरी एकला सा धरला की पांढरी तीन हा तिचा गंधार, पावलोपावली लागणारा.

"काळी एकमधून वाजवते," बाई म्हणाल्या. शेजारच्या काळ्या पट्टीला सा धरला की सगळी रचना एक घर वर सरकते आणि पांढरी तीनची गरजच जवळजवळ राहत नाही. बोलायला सोपं आहे. वर्षानुवर्षं एका जागी बसलेले हात उचलून शेजारच्या घरात ठेवायचे, एकेक बोट नव्या वाटेने न्यायचं, तेही भरल्या घरासमोर. मोठमोठे पियानिस्ट याला हात लावणार नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे बघून बाई म्हणाल्या, "अगं, गवयाचा आवाज आज कुठे लागेल सांगता येतं का? अण्णांनी मला प्रत्येक पद सगळ्या पट्ट्यांतून वाजवायला लावलंय. साथीच्या माणसाला पट्टी बदलता आलीच पाहिजे."

दिवसभर त्यांनी पियानोला हात लावला नाही. मांडीवर बोटं चालत होती तेवढीच.

संध्याकाळी घर भरलं. मी पानं उलटायला शेजारी बसले, खरं तर त्या पानांचा उपयोग नव्हता. बाईंनी सुरुवात करायला हात उचलला आणि आतून वॉकरचा आवाज आला. लोक बाजूला सरले. अण्णा आले, एका मुलाच्या बाबांनी त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर शाल घातली. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. पण त्यांचा कान लाल झालेला मला दिसला.

शेवटची रचना सुरू झाली. माझं लक्ष अर्धं बाईंच्या हातांकडे, अर्धं अण्णांकडे. अण्णांचे डोळे मिटलेले होते आणि शालीवर त्यांची दहाही बोटं टेकलेली होती. पहिला स्वर आला आणि ती बोटं दचकल्यासारखी थांबली. मग हळूच जरा उजवीकडे सरकली आणि चालू लागली. मला आधी वाटलं म्हातारपणाची थरथर आहे. पण ती बरोबर लयीत होती, आणि सूर जिथे विसावत होता तिथे विसावत होती. बाई इतक्या सुंदर वाजवत होत्या की मी नंतर अण्णांकडे बघायचंही विसरले. दोन-तीन ठिकाणी ती अडलेली पट्टी टळण्यासारखी नव्हतीच, तिथे त्यांनी खालच्या सप्तकातला स्वर घेतला. कोणाला काही कळलं नाही. टाळ्या झाल्या, सोनं वाटलं गेलं, माणसं पांगली.

बाई आपट्याचं पान घेऊन अण्णांच्या पाया पडायला वाकल्या. अण्णांनी पान घेतलं, पण त्यांचा हात सोडला नाही.

"शेवटचं ते रोज सकाळी वाजवतेस तेच ना?"

बाईंनी मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाल्या, "हो."

"ते रोज पांढरी एकमध्ये असतं. आज काळी एक का घेतलीस?"

मी पानं आवरत होते, ती तशीच हातात राहिली. इतकी वर्षं खालच्या बाकावर बसून हा माणूस काय करत होता, ते मला त्या क्षणी कळलं. बाईंनाही कळलं. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"आज आवाज जरा चढा लागला होता, अण्णा."

अण्णांनी गंभीरपणे मान डोलावली. "मग आधी सांगायचंस. मी पांढरी एकला हात ठेवून बसलो होतो. ऐनवेळी सरकावा लागला." आणि जरा रागावूनच म्हणाले, "साथीला बसलेल्या माणसाला पट्टी आधी सांगायची असते."

"चुकलं, अण्णा," बाई म्हणाल्या, आणि तिथेच जमिनीवर बसून त्यांनी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. "पुढच्या वेळी सांगेन."